तूदाच्या पिवळ्या गालिच्याचा पाठलाग

ताझनाख्त, मोरोक्को,
गुरुवारचा बाजार उठल्यावर

आदरणीय दा हमाद यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा बेलईद दोन्ही हात छातीशी धरून सलाम करतो. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देत असेल, तिकडे लिएजच्या पावसाने चार दिवस तरी सुट्टी घेतली असेल, वहिनींची साखर ताब्यात असेल आणि नातवंडं निदान सणावाराला आपली भाषा बोलत असतील, अशी अल्लाहकडे दुआ करतो. इकडे सगळे खुशाल. बदामाचा बहर यंदा गारठ्याने निम्मा गेला, पण विहिरीचं पाणी वर आहे. तुमच्या बहिणीची, इज्जाची तब्येत उत्तम आणि आवाज त्याहून उत्तम. मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की निवृत्तीनंतर माझा वेळ कसा जातो. दा, त्याचंच उत्तर द्यायला बसलो आहे. पत्र लांबणार, तेव्हा चष्मा शोधून ठेवा आणि वहिनींना चहा टाकायला सांगा. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी माझ्या हातून जे घडलं, ते पोस्टातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही घडलं नव्हतं.

आपल्या अकरा बायकांची विणकरी संस्था तुम्हाला ठाऊक आहे. फाद्मा अध्यक्ष, इज्जा उपाध्यक्ष, आणि कामाला सगळ्या सारख्याच. दोन वर्षांपूर्वी माझी भाची तिलेल्ली अगादीरहून आली आणि तिने संस्थेचं इंटरनेटवर दुकान उघडून दिलं. गालिच्यांचे फोटो काढले, किमती टाकल्या, आणि विचारलं की ऑर्डरी कोण बघणार. फ्रेंच येणारा, पत्ते वाचता येणारा आणि दिवसभर रिकामा असलेला माणूस गावात एकच होता. (यातला तिसरा गुण इज्जाने मोठ्याने सांगितला.) तेव्हापासून संस्थेच्या मागच्या खोलीत, लोकरीच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल, एक संगणक आणि मी. कोपनहेगनच्या बाईने गालिचा मागवला की मी पावती छापतो, इज्जा गालिचा गुंडाळून पांढऱ्या कापडात शिवते, आणि मंगळवारी सकाळी दहाला कुरिअरची गाडी येऊन तो घेऊन जाते. पहिलं वर्ष इतकं सुरळीत गेलं, की मी बाजारात फिरताना पोट थोडं पुढे काढून चालायला लागलो होतो.

मग जानेवारी आला. एका दुपारी दहा मिनिटांत एकाच माणसाने तीन गालिचे घेतले. नाव मार्क काहीतरी. तिन्ही सर्वांत महाग. किती लांब, किती रुंद, लोकर कुठली, रंग धुताना जातो का, एक अक्षर विचारलं नाही. घासाघीस नाही. उलट सर्वांत जलद आणि सर्वांत महाग टपाल निवडलं. दा, मला वाटलं याला म्हणतात खानदानी गिऱ्हाईक. मी बाजारातून मिठाई आणली आणि अकराही जणींना वाटली. गालिचे मायामीजवळच्या एका पत्त्यावर रवाना झाले. सहा आठवड्यांनी, पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ते कार्ड मार्कचं नव्हतंच. ते कुठल्याशा गरीब शिक्षकाचं, चोरलेलं. शिक्षकाने बँकेत तक्रार केली, बँकेने त्याचे पैसे त्याला दिले आणि आमच्या खात्यातून उलटे ओढून घेतले. ज्याने चोरी केली त्याला कोणी काही विचारलं नाही. गालिचे गेले, पैसे गेले, आणि वर दंड.

मला सर्वांत जास्त लागलं ते पत्त्याचं. तो पत्ता घराचा नव्हताच. गोदामाचा होता, खोकी पुढे पाठवणाऱ्या लोकांचा, नावापुढे खोक्याचा नंबर घातलेला. एकतीस वर्षं पत्ते लावणाऱ्या माणसाने तो मिठाई चघळत वाचला आणि खाली शिक्का मारला. त्या तीन गालिच्यांतला एक तूदाचा होता. तूदा आठवते ना, शाळेमागच्या घरातली, जिच्या डोळ्यांवर पडदा आलाय? त्या गालिच्याच्या पैशातून तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी तिच्याकडून गरम भाकरी आली. दा, शिव्या आल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो.

त्या दिवशी मी निळी वही विकत आणली आणि तिलेल्लीला फोन लावला. तिने रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास मला चोरांचं शास्त्र शिकवलं. मजेशीर शास्त्र आहे. चोराला भाव कळत नाही, कारण पैसे त्याचे नसतात. त्याला घाई फार, कारण कार्डाचा मालक जागा व्हायच्या आत माल हातात पडायला हवा. कधी कधी तो आधी एखादी चिल्लर वस्तू घेऊन बघतो, कार्ड चालतंय का ते. चाललं की मग दुकान धुऊन नेतो. त्याच्या खिशात चोरलेल्या कार्डांची चळत असते. एक चालेना तर दुसरं, दुसरं चालेना तर तिसरं, आपण चाव्यांचा जुडगा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहावं तसं. कार्ड एका देशातलं, माल दुसऱ्या देशात जायचा, आणि ऑर्डर करणारा बसलेला तिसऱ्याच देशात. फोन नंबर दिलेला असतो, पण तो उचलायला माणूस नसतो. आणि काही जण पैसे भरून झाल्यावर गोड पत्र लिहितात, की जरा पत्ता बदलता का. मी सगळं लिहून घेतलं. (इज्जा म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज मंत्री झाला असतात. मी म्हणालो, मग चोरांचं शास्त्र शिकावं लागलं नसतं. फाद्मा हसली, इज्जा हसली नाही.)

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्यापासून काही लपवायचं नाही. शास्त्र डोक्यात गेलं. मार्च महिन्यात मला जगात एकही प्रामाणिक माणूस दिसेना. ल्यॉंच्या एका नव्या नवरीने गालिचा घेतला, तिचं कार्ड माहेरच्या नावाचं आणि घर सासरच्या नावाचं, तर मी तिच्याकडे लग्नाचा दाखला मागितला. ऑस्लोच्या एका गृहस्थांनी पहाटे तीनला ऑर्डर केली म्हणून मी त्यांना झोप न येण्याचं कारण विचारलं. बाळ झालं होतं म्हणे. एका जर्मन दंतवैद्याला लिहिलं, की गालिचा खरंच घरात टाकणार असाल तर त्या जागेचा फोटो पाठवा. बिचाऱ्याने पाठवला. दिवाणखान्यात तो स्वतः जमिनीवर आडवा झोपला होता, शेजारी मोजपट्टी, आणि खाली लिहिलं होतं, "मी एक मीटर ब्याऐंशी आहे, गालिच्याने माझ्यापेक्षा थोडं लांब असावं." त्या फोटोवरही मी दोन दिवस विचार केला. इज्जाने तो पाहिला आणि मला म्हणाली, "तुम्ही गालिचा विकताय की मुलगी देताय?"

नवरीने ऑर्डर मोडली. ऑस्लोच्या बाळाच्या बापानेही मोडली. दंतवैद्य तेवढा टिकला, जर्मन माणसं चिवट. मग संस्थेची सभा झाली. फाद्मा फार बोलत नाही, आणि बोलते तेव्हा लोकर पिंजल्यासारखं बोलते. ती म्हणाली, "सिदी बेलईद, जानेवारीत तुम्ही चोराच्या नावाने मिठाई वाटलीत. मार्चमध्ये सज्जनांना दारातून हाकललंत. आता या बाजूला किंवा त्या बाजूला, आणखी एक चूक झाली तर निळी वही इज्जाकडे जाईल आणि तुम्ही कापड शिवायला बसाल." मी इज्जाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

अशा मनःस्थितीत, दा, गेल्या आठवड्यातल्या सोमवारी ती ऑर्डर आली. तूदाचा पिवळा गालिचा. तुम्ही तो पाहिला नाहीत. तालिउईनच्या केशराने रंगवलेली लोकर, कडेला काळी नक्षी, सात महिने मागावर होता. तूदाने तो डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त विणला. जानेवारीत गेलेलं ऑपरेशन आता या गालिच्यावर अडलेलं. मागवणारी बाई कॅनडाची, नाव जेर्मेन तुर्कोत, गाव त्रुआ-रिव्हिएर. माल मात्र मॉंट्रियलच्या पत्त्यावर पाठवायचा. मी वही उघडली. पत्ता वेगळा, हे खरं, पण लोक मुलाला भेट पाठवतात, मुलीला पाठवतात. जलद टपाल निवडलं होतं, पण एखादीला घाई असेल. वही म्हणत होती थांब. फाद्माचा चेहरा म्हणत होता, आता कॅनडाच्या बायकांकडे लग्नाचे दाखले मागू नकोस. मी फाद्माच्या चेहऱ्याचं ऐकलं. पावती छापली, इज्जाला दिली, मंगळवारी दहाला गाडी आली आणि पांढऱ्या कापडातलं गाठोडं घेऊन गेली.

बारा वाजता मी चहाचा पेला घेऊन सहज तीच ऑर्डर पुन्हा उघडली. आणि माझ्या लक्षात आलं, की त्या पानाला खाली आणखी एक पान असतं. इतके दिवस मी ते कधी सरकवून पाहिलंच नव्हतं. (तिलेल्लीने सांगितलं होतं. वहीत लिहिलंही होतं. असो.) खालच्या पानावर काय होतं, सांगतो. जेर्मेनबाईंचं कार्ड चालण्याआधी सात मिनिटांत आणखी चार कार्डं घालून पाहिली होती. चार कार्डांवर चार नावं, त्यात एक पुरुष. ईमेल मात्र पाचही वेळा एकच, आणि तो जानेवारीतल्या मार्कच्या ईमेलसारखाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. ऑर्डर करणारा कॅनडात नव्हताच. आणि मॉंट्रियलचा पत्ता मी नकाशात घालून पाहिला तर घर नाही, खिडकी नाही, लांबच लांब पत्र्याची शेड. चहा माझ्या हातात तसाच राहिला. दा, भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला आनंद झाला. पाच महिने मी ज्याला शोधत होतो तो माझ्या टेबलावर येऊन बसला होता.

ऑर्डरमधला फोन लावला. मेलेला. मग मी माझ्या जुन्या धंद्यातलं हत्यार काढलं, टेलिफोनची डिरेक्टरी. कॅनडाची डिरेक्टरी इंटरनेटवर आहे. त्रुआ-रिव्हिएरमध्ये तुर्कोत पुष्कळ, पण जेर्मेन एकच. तिकडे सकाळचे आठ वाजत होते. बाईंनी फोन उचलला. मी माझ्या उत्तम सरकारी फ्रेंचमध्ये म्हणालो, की मॅडम, मी मोरोक्कोहून बोलतो आहे, आपलं कार्ड आपल्याजवळ आहे का. मग बाई म्हणाल्या, "माझ्या नातवाने मला तुझ्यासारख्यांबद्दल सांगून ठेवलंय. लाज वाटत नाही, या वयात?" आणि फोन ठेवला. माझं वय त्यांना आवाजावरून कसं कळलं, देव जाणे.

बघा, चोराला पकडायला निघालो आणि पहिल्या पाच मिनिटांत मीच चोर ठरलो. आणि बाईंचं चूक काय होतं? मार्चमधला मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी परत फोन लावला आणि एका दमात म्हणालो, "मॅडम, मला एकही आकडा सांगू नका, माझ्यावर विश्वास ठेवू नका, फक्त कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलेला आहे, तिथे फोन करून विचारा की काल तुम्ही गालिचा घेतला का." बाई म्हणाल्या, "गालिचा? माझ्या घरात फरशीखालून गरम पाणी फिरतं, मी गालिचा कशाला घेऊ?" आणि फोन ठेवला. मी संगणकासमोर बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. जेर्मेनबाई. आवाज बदललेला. बँक म्हणाली, की काल गालिचा, आणि त्याच्या आधी तासभर एक पायमोज्यांचा जोड. पायमोजे म्हणजे कार्ड चालतंय का बघायला, हे मी त्यांना समजावलं. बाईंनी विचारलं, "मग आता तुमच्या गालिच्याचं काय?" आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुरिअरचा ट्रक वर्झाझातच्या गोदामातून पाच वाजता कासाब्लांकाला सुटतो. तेव्हा दोन वाजत आले होते.

मी उठलो तो तसाच, पायात घरच्या सपाता. टॅक्सीतळावर मोहाची मर्सिडीज उभी होती, माझ्यासकट चार माणसं भरलेली, दोन जागा रिकाम्या, आणि सहा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. मी चार नंबरचा. मोहा बॉनेटवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मी म्हणालो निघ. तो म्हणाला, "पोस्टमास्तर, एकतीस वर्षं आम्ही तुमच्या खिडकीसमोर रांग लावली, आज तुम्ही आमच्याकडे लावा." (मी कधीच पोस्टमास्तर नव्हतो, हे त्यालाही माहीत आहे.) दोन्ही जागांचे पैसे मी दिले. तेवढ्यात चौथ्या... नाही, तिसऱ्या प्रवाशाने, ज्याच्याजवळ बाजारात न विकलेली मेंढी होती, अगदी नम्रपणे विचारलं, की जागा रिकामीच जाणार असेल तर हिला बसवू का, डिकीत तिला मळमळतं. मग बाश्कुमच्या घाटातून तूदाच्या डोळ्यांसाठी धावणारा मी, आणि माझ्या पैशाने घेतलेल्या जागेवर माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेली मेंढी, असे आम्ही निघालो. घाटात वळणावर ती माझ्याकडे कलायची आणि पुढच्या वळणावर मी तिच्याकडे. माथ्यावर मोहाने इंजिनाला पाणी पाजायला गाडी थांबवली. मी त्याला पूर्ण हकिगत सांगितली. ऐकून त्याने उरलेल्या बिया खिशात टाकल्या, आणि उतारावर गाडी अशी सोडली की मेंढीसुद्धा जागी झाली.

गोदामात पोचलो तेव्हा साडेचार. खिडकीत कौतर नावाची मुलगी होती, वयाने आपल्या तिलेल्लीएवढी, नाकावर चष्मा आणि चष्म्यात नियम. ती म्हणाली, "काका, पार्सल फक्त पाठवणाऱ्याला परत मिळतं. पाठवणारी म्हणून फाद्मा लिहिलंय. तुम्ही फाद्मा आहात का?" दा, हेच वाक्य मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं. आज पहिल्यांदा कळलं, ते बाहेरून कसं ऐकू येतं. पण आतलं माहीत असलेला माणूस बाहेर उभा राहिला तर त्याचा एक फायदा असतो. मी म्हणालो, "बेटी, माल परत बोलावण्याचा एक फॉर्म असतो. प्रत्येक खिडकीखाली असतो आणि आजवर कोणी मागितलेला नसतो. खाली बघ." तिने पाहिलं. होता. चहाचा ट्रे त्याच्यावरच ठेवलेला होता. फाद्माला फोन लावून तिच्या तोंडून परवानगी घेतली, मी तो फॉर्म तीन प्रतींत, कार्बन नीट लावून, एकही खाडाखोड न करता भरला. कौतर बघतच राहिली. ती म्हणाली, "काका, असं भरलेलं मी कधी पाहिलं नाही." पाच महिन्यांत मला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाटातल्या धुळीवर ढकललं.

पाचला दहा कमी असताना हमालाने ट्रकमधून गाठोडं काढलं. नियमाप्रमाणे परत देताना आतला माल तपासायचा. मोहा, मेंढीवाला, हमाल आणि पहारेकरी सगळे गोळा झाले, कारण मोहाने तोवर पिवळ्या गालिच्याचं इतकं वर्णन केलं होतं की सगळ्यांना तो बघायचाच होता. कौतरने शिवण उसवली. कापड उघडलं. आत माझा कोट होता.

माझा पोस्टाचा हिवाळी कोट, पितळी बटणांचा. त्याच्याखाली घरातली दोन जुनी ब्लँकेटं आणि माझे फाटके बूट. गालिचा नाही. मोहाने कोट उचलून उलटा करून पाहिला, जणू गालिचा अस्तरात असेल. कौतरने फॉर्मवर पेन टेकवलं आणि हळूच विचारलं, "काका, इथे काय लिहू?" मी म्हणालो, लिही, कोट.

घरी फोन लावला. इज्जाला सगळं सांगितलं, चोर, चार कार्डं, जेर्मेनबाई, मेंढी, आणि शेवटी कोट. तिने दोनदा विचारलं, कुठला कोट. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, "बरं. कोट घेऊन या. गालिचा आहे, काळजी नको."

दा, तेव्हा मला कळलं. तुमच्या बहिणीने माझ्याआधी चोर ओळखला होता. मला न दुखवता, फाद्माला न सांगता, तिने गालिचा बाजूला ठेवला आणि चोराला त्याच्या लायकीचं पार्सल शिवलं. आणि कोट माझाच का, यावर मी परतीच्या वाटेवर विचार केला. सरकारी बटणं. चोराने गाठोडं उघडावं आणि सरकार समोर उभं दिसावं. केवढी खोल बाई आहे. आणि शांतपणा बघा, दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून ती डोंगरात एत्तोमावशीकडे गेली, मावशीला खोकला झालाय म्हणून, जसं काही घडलंच नाही. शुक्रवारी परतली. शुक्रवारी दुपारी पिवळा गालिचा आमच्या गच्चीवर उन्हात पसरलेला होता. तिने तो धुऊनसुद्धा काढला होता, खास. मी विचारलं, तुला कळलं कसं? ती गालिच्यावरचं पाणी झटकत म्हणाली, "जिला गालिचा हवा असतो ती रंग विचारते, लांबी विचारते, पाय पोळतात का विचारते. हिने काहीच विचारलं नाही." एवढंच. मी आत गेलो आणि निळ्या वहीचं पहिलं पान कोरं होतं तिथे हे लिहून ठेवलं. तिलेल्लीचं सगळं शास्त्र त्यात मावतं.

आणि पुढची हकिगत ऐका. जेर्मेनबाईंनी परवा फोन केला. त्यांना आता आमच्याकडून उशीचा एक अभ्रा हवा आहे. त्यांनी एकोणीस प्रश्न विचारले. मी मोजले. शेवटी, मी सांगितली होती ती मेंढी कशी आहे, हेही विचारलं. म्हणजे गिऱ्हाईक अस्सल. आणि तूदाचा गालिचा काल त्या जर्मन दंतवैद्याने घेतला, दुसऱ्या खोलीसाठी. या वेळी न मागताच त्याने जमिनीवर झोपलेला फोटो पाठवला. पैसे आले, पक्के आले. पुढच्या महिन्यात तूदा मराकेशला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते आहे, आणि सोबत इज्जा.

वहिनींना, मुलांना, आणि मला न ओळखणाऱ्या सगळ्या नातवंडांना माझा सलाम. गुडघ्याला काळ्या जिऱ्याचं तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक,
बेलईद

ता. क. एक छोटं काम होतं. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, संस्थेची सभा आहे. गावात सगळीकडे झालंय की चोर इज्जाने पकडला आणि बेलईदने कोट पकडला. फाद्मा निळी वही इज्जाच्या हातात देणार, असं दिसतंय. शब्द फक्त तुमचाच इज्जा मानते. हे पत्र पोचल्यावर शुक्रवारी तिचा फोन येईल तेव्हा सहज, मी सांगितलंय असं न वाटू देता, एवढं म्हणा की हिशेबाचं काम पुरुषमाणसाकडे असलेलं बरं दिसतं. नको, असं म्हणू नका, ती चिडेल. म्हणा की बेलईदचं अक्षर चांगलं आहे.

ता. क. २. कोटाचा विषय मात्र काढू नका. तो मी कपाटात आतल्या बाजूला ठेवला आहे.

दा,

हे मी लिहितेय, इज्जा. हे पोस्टात तिकीट आणायला गेलेत आणि तिथल्या नव्या पोराला तिकीट कसं लावायचं ते शिकवत असतील, म्हणून वेळ आहे. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. बायकांच्या वर्गात मी दोन हिवाळे अक्षरं शिकले. तुला मी लिहिलेलं हे पहिलंच. वाकडं आहे, वाचून घे.

मी काही ओळखलं नव्हतं. त्या सोमवारी मी दोन गाठोडी शिवली, दोन्ही पांढऱ्या कापडात. एकात तूदाचा गालिचा. दुसऱ्यात ह्यांचा कोट आणि ब्लँकेटं, एत्तोमावशीच्या थोरल्याला, डोंगरात थंडी असते म्हणून. हे कोट देऊ देत नाहीत म्हणून न सांगता शिवलं. मंगळवारी घाईत कुरिअरवाला आणि डोंगरात जाणारा गाडीवाला, दोघांच्या हातात गाठोडी उलटी गेली. कुरिअरला कोट गेला आणि डोंगरात गालिचा गेला. ह्यांचा गोदामातून फोन आला तेव्हा मला ते कळलं. दुसऱ्या दिवशी वर पोचले तर मावशीने तूदाचा गालिचा नवीन जन्मलेल्या शेळीच्या पिल्लांवर पांघरला होता. मला म्हणाली, इज्जा, कबूल केलेला कोट नाही पाठवलास, पण पांघरूण छान ऊबदार आहे, पिल्लं शांत झोपतात. दोन दिवस मी आणि मावशी ओढ्यावर तो धूत होतो. रंग गेला नाही. तूदाचा रंग जात नाही.

रंग विचारला नाही हे मला नंतर सुचलं. पण खरं आहे ना?

तूदाला सांगू नकोस. ह्यांनाही नको. आता हे प्रत्येक ऑर्डर मला वाचून दाखवतात आणि विचारतात, इज्जा, तुला काय वाटतं. बावीस वर्षांत मला काय वाटतं ते कोणी विचारलं नव्हतं. मी विचार करते आणि सांगते. आत्तापर्यंत चारही बरोबर आल्या. वही ह्यांचीच राहील, फाद्माशी मी बोलून ठेवलंय. ह्यांना ते सभेत कळेल. तोवर घरातली भांडी हे घासताहेत, ती घासू देत.

शुक्रवारी फोनवर यातलं काहीच बोलू नकोस, दा. फोन हे स्पीकरवर ठेवतात.

इज्जा